अनुभव धागा: कमवा-शिका, वसतिगृह, स्कॉलरशिप... तुमच्या आठवणी लिहा

माळरान
काल माळा आवरताना पत्र्याच्या पेटीत माझं कमवा-शिकाचं हजेरी कार्ड सापडलं. १९९८ चं. कडेला खळीचा डाग अजून आहे. रोज दुपारी तीन तास लायब्ररीत फाटकी पुस्तकं बांधायचे, जुना कणा सोडवायचा, दोरा ओवायचा, खळ लावून वर वजन ठेवायचं. आईबाबा ऊसतोडीला जायचे, घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. फी माफ होऊ शकते हेच माहीत नव्हतं, मग विचारणार काय आणि कुणाला? लायब्ररीतले शिपाईमामा एक दिवस म्हणाले, पोरी फी माफीचा, ईबीसीचा फॉर्म भरलास का, आठच दिवस राहिलेत. त्याच रात्रीच्या एसटीने गावी गेले, तलाठी, मग तहसील, उत्पन्नाचा दाखला घेऊनच परत आले. मामा आता नाहीत. काल कार्ड हातात धरून खूप रडले. तुम्हाला कुणी सांगितलं होतं?

सातारकरीण
वाचून गलबलले गं. आमचे आजोबा सातारच्या शिवाजी कॉलेजातले, कर्मवीर अण्णांनी, म्हणजे भाऊराव पाटलांनी, १९४७ ला काढलं ते. खडी फोडून शिकले. अण्णांचं नाव निघालं की आजोबा आधी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचंच सांगायचे, बोर्डिंगातल्या पोरांच्या जेवणासाठी त्या माऊलीने मंगळसूत्रसुद्धा मोडलं. कुकर झालाय, नंतर लिहिते

गिरणगाव
बाबा मुंबईत सिद्धार्थ कॉलेजला होते. बाबासाहेबांनी १९४६ ला सुरू केलेलं, नोकरी करणाऱ्यांना जमावं म्हणून वर्ग सकाळी. बाबा सकाळी लेक्चर करून दुपारपाळीला गिरणीत जायचे, डब्यात भाकरी आणि डब्याखाली वही, वहीला कायम तेलाचे डाग. ती वही मी जपून ठेवलीय

दोनघास
खळ मैद्याची की गव्हाची? आमच्याकडे त्यात मोरचूद घालायचे

माळरान
मैद्याची. आणि हो मोरचूद घालायचोच, नाहीतर कसर लागते पुस्तकाला. किती वर्षांनी ऐकला हा शब्द!

पाऊसवेडा
मी २०१९ चा. सरकारी होस्टेलला नंबर लागला नाही, दोन महिने मित्राच्या रूमवर जमिनीवर झोपलो. कॉलेजात खिडकीवरच्या बाईंना स्कॉलरशिपचं विचारलं तर सगळ्यांसमोर म्हणाल्या, फुकटचं पाहिजे तर लवकर यायचं. वर्गातली पोरं मागे उभी होती. परत त्या खिडकीवर गेलो नाही, ते वर्ष स्कॉलरशिप बुडाली. पुढच्या वर्षी एका सिनियरने सोबत बसून स्वाधारचा फॉर्म भरून घेतला, बाहेर राहण्या-जेवणासाठी पैसे देणारी सरकारी योजना ती. आता दर जूनला मी पोरांचे फॉर्म भरून देतो

सातारकरीण
@पाऊसवेडा असं बोलवतं कसं माणसाला. तुझं कौतुक बाळा.

नवीनच
नमस्कार धाग्याशी संबंध आहे का माहीत नाही पण भाऊ बारावी झाला, घरी कोणी शिकलेलं नाही, पुण्यात ॲडमिशन झालं पण सरकारी होस्टेल मिळालं नाही, आम्ही एससी आहोत, स्वाधार मिळेल का त्याला

पाऊसवेडा
@नवीनच स्वाधार त्यासाठीच आहे, होस्टेलला नंबर न लागलेल्या एससी आणि नवबौद्ध मुलांसाठी. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, बारावीचं मार्कशीट आत्ताच काढून ठेव. बँक खातं आधारला लिंक आहे का ते आधी बघ, इथेच पोरांचे पैसे अडकतात. भारत सरकार शिष्यवृत्ती वेगळी, ती महाडीबीटी या सरकारी वेबसाइटवर, तीही भर. भरलेल्या फॉर्मची प्रिंट हातची सोडू नको

दोनघास
पुण्यात विद्यार्थी सहायक समितीचं वसतिगृहपण बघा, १९५५ पासून खेड्यातल्या पोरांसाठी चालू आहे. माझा मामेभाऊ तिथे राहून इंजिनिअर झाला, तिथे पोरांना कामही असतं. त्याच्या हातची आमटी अजून आठवते

माळरान
@नवीनच भावाला एकट्याला खिडकीवर पाठवू नकोस. मी पुण्यातच आहे, मेसेज कर, मी येते त्याच्यासोबत.

नवीनच
ताई केला मेसेज