फाउंड्रीतील काळ्या वाळूचा ढीग कमी कसा करावा?

प्रश्न – शिरोलीकर
नमस्कार. कोल्हापूरजवळच्या शिरोली औद्योगिक वसाहतीत आमची ग्रे आयर्नची (बिडाच्या ओतकामाची) लहान फाउंड्री आहे. साचे ग्रीन सँडचे, म्हणजे बेंटोनाइट माती, कोळशाची पूड आणि पाणी मिसळलेल्या वाळूचे असतात. कोअर, म्हणजे कास्टिंगमध्ये (ओतीव वस्तूत) पोकळी राहावी म्हणून साच्यात ठेवायचे वाळूचे गाभे, काही शेल सँडचे (रेझिन लावलेल्या वाळूचे), तर काही सोडियम सिलिकेट आणि कार्बन डायऑक्साइड पद्धतीचे. साच्याची वाळू आम्ही पुन्हा पुन्हा वापरतो, तरीही कुंपणालगतचा काळा ढीग वाढतोच आहे. रिक्लेमेशन प्लांट (वापरलेली वाळू साफ करून पुन्हा वापरण्याजोगी करणारी यंत्रणा) घ्यावा की वाळू पेव्हर ब्लॉकवाल्यांना द्यावी, याविषयी जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर – साचेकाम
कोटेशन मागवण्याआधी ढिगात नेमके काय पडते, ते आठवडाभर उभे राहून पाहावे. प्रत्येक नॉकआउटला, म्हणजे साचा फोडून कास्टिंग बाहेर काढताना, फुटलेल्या कोअरची वाळू ग्रीन सँडमध्ये मिसळते, आणि जेवढी नवी वाळू अशी आत येते, जवळपास तेवढी बाहेर काढावीच लागते. त्यामुळे ढिगाचे मूळ बहुधा कोअर शॉपमध्ये सापडते. भरीव कोअर जमेल तिथे पोकळ करावेत. रिजेक्शनकडेही याच नजरेने पाहावे, कारण नाकारलेले कास्टिंग पुन्हा भट्टीत जाते, त्याचा कोअर मात्र ढिगातच जातो. सँड प्लांटच्या बॅग फिल्टरमधली धूळ आपण फेकत असाल, तर तिच्यात न जळलेले बेंटोनाइट आणि कोळशाची पूड असते. साच्याची ताकद व पर्मिएबिलिटी (वायू आरपार जाऊ देण्याची क्षमता) तपासत ती थोडी थोडी मिक्सरमध्ये परत घालता येते.

उत्तर – जुना मेटलर्जिस्ट
आपल्या दोन प्रकारच्या कोअरची वाळू एकत्र होत असेल, तर वाळू तापवून साफ करणारा महागडा थर्मल प्लांटही उपयोगाचा नाही. शेल सँडमधले फिनॉलिक रेझिन उष्णतेने जळून जाते. सोडियम सिलिकेट जळत नाही; ते कणांवर राहते आणि जास्त तापमानाला कण एकमेकांना चिकटवते. ग्रीन सँडवरचे बेंटोनाइटही आधी घासून काढावे लागते, नाहीतर ते रेझिन शोषून घेते आणि कोअर कच्चे राहतात. एकट्या लहान कारखान्याला असा प्लांट पूर्ण क्षमतेने चालवणे कठीण असते, म्हणून शेजारच्या तीन-चार जणांनी मिळून विचार करावा.

उत्तर – ब्लॉक-अनुभव
आम्ही ढीग जसाच्या तसा एका ब्लॉकवाल्याला दिला होता. पहिल्याच पावसाळ्यानंतर ब्लॉकवर तांबूस डाग उमटले, कारण वाळूत शॉट ब्लास्टिंगचे (कास्टिंग साफ करण्यासाठी मारायचे) छर्रे आणि लोखंडाचे थेंब राहिले होते. पुढची गाडी त्याने फाटकातूनच परत पाठवली. चुंबकीय सेपरेटर आणि चाळणी यांशिवाय वाळू देऊ नये. रेझिनचा अंश असल्याने लीचेट चाचणी (वाळूतून पाण्यात काय झिरपते, त्याची तपासणी) करून तिचे निकाल घातक कचऱ्याच्या 2016 च्या नियमांतील दुसऱ्या अनुसूचीच्या मर्यादांशी ताडून पाहावेत, आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या आपल्या संमतिपत्रात वाळूच्या विल्हेवाटीची कोणती अट आहे तेही वाचावे. वाळू हलवताना ती ओलसर ठेवावी; सिलिकाची कोरडी धूळ कामगारांच्या फुफ्फुसांत जाते.

शिरोलीकर
सर्वांचे आभार. दोन्ही प्रकारचे कोअर आमच्याकडे एकाच ट्रॉलीत पडतात, हे आज प्रत्यक्ष पाहिले. सोमवारपासून नॉकआउटजवळ दुसरी ट्रॉली ठेवत आहोत आणि दोन्हींचे रोज वजन करणार आहोत. प्लांटचा निर्णय महिन्याभराच्या नोंदी हाती आल्यावर घेऊ.