आधी मन की आधी जेवण?
जेवण टाळून खंगत जाणाऱ्या मुलांबद्दल ‘आधी मन ताळ्यावर येऊ द्या, खाणं आपोआप सुधारेल’ असं म्हणतात, ते मत मला पटत नाही. माझी भाची लातूरला नीटची तयारी करताना मेसचा डबा तसाच परत पाठवायची. सुट्टीत घरी आली की ताटातली अर्धी भाकरी बघून रडायची, आईवर ओरडायची. डॉक्टरांनी दर तीन तासांनी खायला लावलं, भूक असो नसो: भाकरी, वरण, दही, मूठभर शेंगदाणे. सुरुवातीला रडणं वाढलंच. मग चिडचिड ओसरली, तेव्हा कुठे ती समुपदेशकांशी बोलायला लागली.

१९४४-४५ मध्ये अमेरिकेत मिनेसोटाला ३६ धडधाकट तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं होतं. निव्वळ उपासमारीने तेही असेच चिडचिडे, उदास झाले, सतत अन्नाचाच विचार करायचे. फक्त फार खंगलेल्या लेकराला घरच्या घरी एकदम भरपेट खाऊ घालू नका, रक्तातलं फॉस्फेट घसरून जिवावर बेतू शकतं.