बाणाच्या दिशेलाही कारण हवे
आधीच्या संशोधन-साहित्याचा आढावा घेऊन चल (म्हणजे अभ्यासायचे बदलते घटक) निवडले आणि आकृतीत बाणांनी जोडले की संशोधनाची सैद्धांतिक चौकट, म्हणजे कशाचा कशावर का परिणाम होतो याची मांडणी, तयार होते, असे एक मत आहे; ते मला अर्धेच पटते. प्रत्येक बाण त्याच दिशेने का, याचा युक्तिवाद नसेल तर ती नुसती आकृती राहते. माहितीप्रणालींचे अभ्यासक फ्रेड डेव्हिस यांचा संगणकप्रणालींच्या स्वीकाराविषयीचा १९८९ सालचा अभ्यास या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. १५२ वापरकर्ते आणि चार प्रणाली यांवर आधारलेल्या त्या कामात वापरणाऱ्याला जाणवणारी उपयुक्तता आणि सुलभता या दोन्हींचा वापराशी संबंध दिसला; परंतु दोन्ही चल एकत्र तपासल्यावर सुलभतेचा प्रभाव बराच क्षीण झाला, आणि म्हणून सुलभता उपयुक्ततेच्या बरोबरीने नव्हे, तर तिच्यामार्फत परिणाम करत असावी, असे त्यांनी सुचवले.

आपल्याकडच्या संशोधन प्रस्तावांत (जे बहुधा एकमेकांचे पाहूनच लिहिले जातात) उपयुक्ततेसारख्या अशा मधल्या, म्हणजे मध्यस्थ, चलाला सर्रास नियामक चल म्हटलेले आढळते. वास्तविक मध्यस्थ चल परिणाम कोणत्या मार्गाने होतो हे सांगतो, तर नियामक चल तो कोणत्या परिस्थितीत वाढतो किंवा घटतो हे. त्यामुळे गृहीतकाचे (तपासून पाहायच्या अंदाजाचे) वाक्य आणि पुढची चाचणी, दोन्ही बदलतात.