इस्राएलचं राष्ट्रगीत तिथल्या अरबांचंही आहे का?

कडकलक्ष्मी: काल इस्राएलची फुटबॉल मॅच बघत होते. राष्ट्रगीताच्या वेळी दोघातिघांची तोंडं बंद. नवरा म्हणाला, अरब असतील. देशाकडून खेळायचं आणि राष्ट्रगीत म्हणायचं नाही, हे कसं काय? तिकडचं कुणी आहे का इथे?

नागावकरीण: मी आहे. बेने इस्राएल, म्हणजे कोकणातली ज्यू, मूळची अलिबागकडची, आता इथे लोदला. 'हातिक्वा' म्हणजे आमचं राष्ट्रगीत. त्यात ज्यू जिवाची तळमळ आहे, सियोनची म्हणजे जेरुसलेमची ओढ आहे. देशातला दर पाचवा माणूस अरब. त्यानं हे काय म्हणून गायचं? 2012 साली सर्वोच्च न्यायालयाच्या समारंभात अरब न्यायमूर्ती सलीम जुब्रान उभे राहिले, पण गायले नाहीत. काही खासदारांनी राजीनामा मागितला! इतकी वर्षं न्याय देत होता माणूस, त्याचं काहीच नाही.

आमच्या फार्मसीत बऱ्याच जणी अरब. कार्यक्रमात राष्ट्रगीत लागलं की माझ्या शेजारची ताठ उभी राहते, ओठ मिटून. संपलं की कोटाच्या खिशातलं पेन काढते नि पुढचं प्रिस्क्रिप्शन ओढते. मी मोठ्यानं गाते. त्यावरून आमच्यात कधी वाजलं नाही.

आणि आम्ही तरी त्यात पुरते कुठे बसतो? गीतात डोळे पूर्वेकडे लागलेत, कारण कवी इम्बर युरोपातला. कोकणातून जेरुसलेम पश्चिमेला! शिवाय इथे आल्यावर इथले ज्यू धर्मगुरू लग्नं लावताना आमच्याच लोकांचं ज्यूपण तपासायला लागले. जेरुसलेमात आंदोलन झालं, तेव्हा कुठे 1964 मध्ये संसदेनं ठराव केला की हे सर्वार्थानं ज्यूच.

बंड्या_दादर: मग शब्द बदला की. ऑस्ट्रेलियानं 2021 पासून 'तरुण'च्या जागी 'एक' केलंच ना, तिथल्या मूळ रहिवाशांचा विचार करून.

नागावकरीण: बंड्या, 'ज्यू'ऐवजी 'इस्राएली' घाला ही सूचना इथे जुनीच आहे. मला नाही पटत. डोळ्यांत पाणी येतं माझ्या त्या ओळीला, ती का सोडू? पण मग शेजारणीनंही गावं असा हट्ट मी धरणार नाही. दोन्ही एकदम नाही मिळत.

कडकलक्ष्मी: आणि ड्रूझ, तो अरबी बोलणारा वेगळा धर्मपंथ? ते तर सैन्यात असतात ना?

नागावकरीण: हो ताई, 1956 पासून त्यांच्या पुरुषांना सक्ती आहे. गाणारे गातात. पण 2018 च्या राष्ट्र-राज्य कायद्यात देश फक्त ज्यूंचं राष्ट्र म्हणून लिहिला गेला, त्यातच हे राष्ट्रगीतही आलं. तेव्हा तेल अवीवच्या चौकात हजारो ड्रूझ उतरले, त्यांत निवृत्त लष्करी अधिकारीसुद्धा होते.