प्रतिसाद: विंडोजची चाचणी पास, तरी रॅम खराब असू शकते

निपाणीकर, विंडोजची मेमरी चाचणी पास झाली म्हणून वरच्या प्रतिसादात तुमच्या कॉम्प्युटरच्या रॅमला क्लीन चिट दिली आहे; ते घाईचं वाटतं. ती चाचणी मुळात 'स्टँडर्ड' पातळीवर चालते. सुरू झाल्यावर एफ१ दाबून 'एक्स्टेंडेड' निवडा, मगच काही अर्थ.

त्यापेक्षा मेमटेस्ट८६+ (रॅम तपासणारा मोफत प्रोग्राम) पेनड्राइव्हवर टाका आणि त्यावरूनच कॉम्प्युटर सुरू करा. यूईएफआय (बायोसची नवी पद्धत) असलेला मदरबोर्ड असेल तर आवृत्ती ६ किंवा पुढचीच घ्या, जुनी ५ यूईएफआय मोडमध्ये बूट होत नाही. सिक्युअर बूट (अनोळखी प्रोग्रामवरून सुरू होऊ न देणारी सेटिंग) आडवं आलं तर तेवढ्यापुरतं बंद करा. किमान ४ पास, म्हणजे पूर्ण फेऱ्या, होऊ द्या. १६ जीबीला रात्र जाऊ शकते, त्यामुळे यूपीएस हवाच. लाइट गेली की पुन्हा पहिल्यापासून.

लाल ओळ एक जरी आली तरी नापास. पण लगेच रॅम फेकू नका. आधी एक्सएमपी (रॅम जास्त वेगाने चालवणारी बायोसमधली सेटिंग) बंद करून चाचणी पुन्हा चालवा. मग एरर दिसेनाशा झाल्या तर दोष वेगाच्या सेटिंगचा असू शकतो. राहिल्या तर रॅमची एकेक स्टिक (पट्टी) एकाच स्लॉटमध्ये (खाचेत) तपासा, मग स्लॉट बदला. एरर स्टिकसोबत फिरली तर स्टिक खराब, स्लॉटलाच चिकटून राहिली तर बोर्ड किंवा प्रोसेसरचा सॉकेट.

आणि खानापूर पट्ट्यातल्या पावसाळ्यात दमट धूळ रॅमच्या पिनांवर बसते. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, पूर्ण वाळू द्या. खोडरबर नको, सोन्याचा मुलामा झिजतो.