सॅनिटायझर आहे, पण जेक्वेरी जुनीच
'आम्ही युजरचा मजकूर सॅनिटायझरमधून (घातक कोड गाळणाऱ्या साधनातून) काढतो, मग जेक्वेरी (वेबपानांसाठीची जावास्क्रिप्ट लायब्ररी) जुनी असली म्हणून काय बिघडलं?' हा वरचा प्रश्न रास्त वाटतो, पण घोळ तिथेच आहे.

३.५.० पूर्वीची जेक्वेरी पानात मजकूर घालणाऱ्या 'अपेंड'सारख्या मेथडला दिलेली स्ट्रिंग आधी एका रेग्युलर एक्सप्रेशनमधून (मजकुरातला ठरावीक नमुना शोधणाऱ्या सूत्रातून) काढायची. <डिव्ह/> असं दिसलं की त्याचं <डिव्ह></डिव्ह> करायची. सोय म्हणून केलेलं, पण हा बदल सॅनिटायझरच्या नंतर व्हायचा. त्यामुळे स्टाइल टॅगच्या पोटात निरुपद्रवी अक्षरं म्हणून पडलेला भाग ब्राउझरला खराखुरा टॅग वाटायचा आणि त्यातलं 'ऑनएरर' (चूक झाली की चालणारा कोड) चालायचं. म्हणजे तुम्ही तपासलं एक, पानावर गेलं भलतंच. एप्रिल २०२० मध्ये ते रेग्युलर एक्सप्रेशनच काढून टाकलं.

अपग्रेड करताना गंमत अशी की <डिव्ह/><स्पॅन/> आधी शेजारी-शेजारी यायचे, आता स्पॅन डिव्हच्या आत जातो. लेआउट मोडला की लोक जेक्वेरीला शिव्या घालतात! जेक्वेरीचं मायग्रेट प्लगइन लावलं तर अशा जागा कन्सोलमध्ये दिसतात.

त्याआधी ३.४.० मध्ये ऑब्जेक्ट एकत्र करणाऱ्या 'एक्स्टेंड'मधलं प्रोटोटाइप पोल्युशनचं (बाहेरच्या डेटाने सगळ्या ऑब्जेक्टचा मूळ साचाच बिघडवण्याचं) भगदाड बुजवलं होतं. ते फक्त डीप कॉपी (आतल्या ऑब्जेक्टसकट नक्कल) करताना लागू.

आणि जुनी जेक्वेरी शोधायला एनपीएम ऑडिटवर (पॅकेजमधल्या ज्ञात त्रुटी दाखवणाऱ्या कमांडवर) विसंबू नका. मला एकदा जुनी प्रत सापडली ती स्लायडरच्या फोल्डरमध्ये, कुणीतरी हाताने चिकटवलेली. ऑडिटला ती दिसतच नाही. जेक्वेरीच्या मिनिफाइड (मोकळ्या जागा काढून लहान केलेल्या) फाइलच्या पहिल्या ओळीत आवृत्ती लिहिलेली असते, अख्ख्या प्रोजेक्टमध्ये तीच शोधा.