शब्दचर्चा : 'रेटेड ब्रेक हॉर्सपॉवर'ला मराठीत काय लिहावं?

जुळेसोलापूरकर
हवेच्या प्रदूषणाच्या नियमांमधले शब्द मराठीत करून द्यायचं काम अंगावर घेतलंय. देशी नियम आहेत, तुलनेला काही अमेरिकी आणि युरोपीयही. वाचणारे म्हणजे अक्कलकोट रोड एमआयडीसीतले टॉवेल-चादरवाले, ज्यांच्या दारात जनरेटर उभा आहे. बाकी सगळं सुटलं, एका शब्दाशी दोन दिवस अडून बसलोय : 'रेटेड ब्रेक हॉर्सपॉवर', म्हणजे इंजिनाच्या ताकदीचा आकडा. आधी मी 'निर्धारित रोधक अश्वशक्ती' असं लिहून मोकळा झालो. ओळखीच्या एका कारखानदाराला वाचून दाखवलं, तर ते म्हणाले, "म्हणजे ब्रेक मारल्यावर उरते ती ताकद काय ओ?" तिथेच कागद फाडला. 'क्षमता' लिहावं, तर त्यांच्या लेखी जनरेटरची क्षमता म्हणजे साडेबासष्ट केव्हीए, आणि नियमातला आकडा तो नाही. सुचवा.

मास्तर_मेकॅनिकल
'रोधक' आधी काढा. हा ब्रेक गाडी थांबवायचा नव्हे, मोजायचा. १८२१ च्या सुमाराला प्रोनी नावाच्या फ्रेंच अभियंत्याने फिरत्या चाकाला लाकडी ठोकळे घट्ट आवळून इंजिनाची ताकद मोजायची युक्ती काढली, त्यावरून हे नाव पडलं.

डिप्लोमा केलेल्यांनी हा प्रकार हाताने केलेला असतो. इंजिनाच्या ड्रमवरून दोरी घ्यायची, एका टोकाला वजनं, दुसऱ्या टोकाला स्प्रिंगचा काटा. ड्रम तापतो म्हणून आतून पाणी सोडायचं. तरी दोरीचा करपट वास लॅबभर पसरतो आणि एखादा पोरगा हमखास विचारतो, "सर, पेटणार नाही ना?" वजनातून काट्याचा आकडा वजा करायचा, त्रिज्येने आणि फेऱ्यांनी गुणायचं, की शाफ्टच्या टोकाला खरोखर किती मिळालं ते कळतं. सिलिंडरच्या आत स्फोटाने जी शक्ती तयार होते ती वेगळी. तिच्यातली काही पिस्टन-बेअरिंगच्या घर्षणातच जिरते. जिरून उरते ती 'ब्रेक'ची. तेव्हा तुमचे कारखानदार अगदीच चुकले नाहीत, 'उरते ती' हे बरोबर. फक्त ब्रेक मारल्यामुळे उरत नाही, ब्रेकने मोजली जाते.

माझं मत : 'शाफ्टवरची शक्ती'. शालेय विज्ञानात शक्ती, ऊर्जा, बल हे तीन वेगळे शब्द पक्के आहेत, त्यामुळे इथे 'ताकद' नको. 'अश्वशक्ती'सुद्धा जपून वापरा. घोडे दोन जातींचे आहेत. ब्रिटिश घोडा ७४६ वॅटचा, मेट्रिक घोडा ७३५.५ वॅटचा. ५० किलोवॅट म्हणजे एकात ६७, दुसऱ्यात ६८. आपल्याकडचे जनरेटरचे नियम किलोवॅटमध्ये आहेत, तेच बरं.

माग_२४
आमच्या यंत्रमागवाल्यांना 'अश्वशक्ती' म्हटलं की एकच आकडा दिसतो, २७. वीजबिलाच्या सवलतीत २७ अश्वशक्तीच्या खालचे आणि वरचे असे दोन गट आहेत. पण तो जोडभार. मोटरींच्या पाट्यांची बेरीज. निम्मे माग बंद असले तरी बेरीज तीच. इंजिनाचं आणि त्याचं काही नातं नाही. 'अश्वशक्ती' लिहाल तर आमची माणसं तिकडेच जातील.

डिझेलवाला_होटगीरोड
सर, कशाला एवढं डोकं लावलालाव? पाटीपासून सुरुवात करा की. जनसेटवर, म्हणजे जनरेटरच्या अख्ख्या संचावर, पाट्या दोन असतात, इंजिनाची एक आणि लाईट तयार करणाऱ्या अल्टरनेटरची एक. तुमचे कारखानदार अल्टरनेटरची वाचलालेत.

साडेबासष्ट केव्हीए घ्या. त्याला पॉवर फॅक्टरच्या ०.८ ने गुणलं की ५० किलोवॅट, ही बाहेर पडणारी लाईट. अल्टरनेटर फुकट काम करत नाही, शंभरातले आठ-नऊ तोच खातो. म्हणजे इंजिनाला शाफ्टवर ५४-५५ किलोवॅट द्यावे लागतात, एचपीत बोलायचं तर ७३-७४. वर रेडिएटरचा पंखा आहेच, तोही इंजिनाकडूनच थोडं खातो. यंत्र एकच, आकडे मात्र ६२.५, ५०, ५५, ७४. 'क्षमता' यातली कुठली?

आणि हा नुसता शब्दांचा खेळ नाही बरं का. नवीन जनसेटचे नियम नोव्हेंबर २०२२ ला निघाले, जुलै २०२३ पासून लागू. त्यात इंजिनाच्या शक्तीप्रमाणे पायऱ्या आहेत : ८, १९, ५६, ५६० आणि ८०० किलोवॅट. १९ ते ५६ च्या पायरीत नायट्रोजनची ऑक्साइडं आणि हायड्रोकार्बन मिळून ४.७ ग्रॅम प्रति किलोवॅट-तास चालतात. ५६ ओलांडलं की नायट्रोजनच्या ऑक्साइडांना एकट्यानेच ०.४ ची मर्यादा. मग बहुतेक इंजिनांना धुराच्या नळकांड्यात युरिया पाजावा लागतो, टाकी वेगळी, खर्च वेगळा. साडेबासष्टचा संच बघा बरोबर कुठल्या कडेवर बसलाय. पंखा धरायचा की सोडायचा एवढ्यावर पायरी बदलू शकते.

ट्रॅक्टरवाल्यांनाही हे पाठ आहे. १ जानेवारी २०२३ पासून ५० एचपीच्या वरच्यांना कडक नियम लागले, तेव्हापासून गिऱ्हाईक शोरूममध्ये आधी "पन्नासच्या आत आहे ना?" विचारतं.

जुळेसोलापूरकर
हे सोन्यासारखं. मग 'इंजिनाची शाफ्टवरची कमाल शक्ती' असं एकदाच लिहून टाकू का? 'रेटेड' त्यात आलंच.

मास्तर_मेकॅनिकल
नाही, तिथेच घसराल. 'कमाल' आणि 'रेटेड' एक नव्हेत, आणि प्रत्येक नियम आपली व्याख्या स्वतः करतो.

अमेरिकेच्या केंद्रीय नियमात, रस्त्यावर न चालणाऱ्या डिझेल इंजिनांसाठी, शक्तीच्या आलेखावरचं सर्वांत उंच टोक घेतात आणि ते पूर्ण किलोवॅटला आणून ठेवतात. ही खरी 'कमाल'. लॉस एंजेलिसकडच्या प्रादेशिक हवा मंडळाचा ५० ब्रेक हॉर्सपॉवरच्या वरच्या इंजिनांचा नियम मात्र पाटीकडे बघतो : निर्मात्याने ठरवलेली, पाटीवर कोरलेली, आणि डीरेटिंग जमेत न धरता. युरोपात २०१६ च्या नियमाने चाचणीच्या बाकावर, क्रँकशाफ्टच्या टोकाला मिळणारी निव्वळ शक्ती धरली. तीन ठिकाणी तीन शब्द लागतील : कमाल, नमूद, निव्वळ. सगळ्यांवर 'निर्धारित'चं पांघरूण घातलंत तर वाचणाऱ्याला फरक दिसणारच नाही.

माग_२४
डीरेटिंग म्हणजे?

डिझेलवाला_होटगीरोड
पंपाचा स्क्रू आवळून डिझेल कमी सोडायचं. शंभराचं इंजिन ऐंशीच देतं. उंच डोंगरावर किंवा फार उन्हात हवा विरळ म्हणून मुद्दाम करतात, ते रास्त. पण आज आवळलेला स्क्रू उद्या सैल करता येतो. म्हणूनच तो नियम पाटी धरतो, स्क्रू नाही. आम्ही त्याला 'इंजिन बांधणं' म्हणतो. शब्द पाहिजे तर घ्या.

जुळेसोलापूरकर
'बांधलेलं इंजिन' घेतला. मुख्य शब्दासाठी असं ठरवलंय : 'रेटेड ब्रेक हॉर्सपॉवर' = 'पाटीवर नमूद शाफ्टशक्ती'. एचपी असेल तिथे एचपीच, किलोवॅटचा आकडा शेजारी. 'कमाल' आणि 'निव्वळ' फक्त त्या-त्या नियमाच्या व्याख्येत.

काल त्याच कारखानदारांकडे जाऊन पाटी बघितली. मागच्या दिवाळीत कॅनॉपीसकट इंजिनाला निळा रंग मारलाय, पाटीही रंगली. थिनरच्या फडक्याने घासल्यावर आधी १५०० फेरे दिसले, मग किलोवॅटचा आकडा. आणि त्याच्यापुढे बारीक अक्षरात 'पीआरपी'. हे आता काय?

डिझेलवाला_होटगीरोड
प्राइम. तास कितीही चालवा, लोड कमी-जास्त चालेल, पण चोवीस तासांची सरासरी त्या आकड्याच्या ७० टक्क्यांवर जाऊ द्यायची नाही. दुसरं असतं स्टँडबाय, लाईट गेली तरच चालवायचं, वर्षाला २०० तास. त्याच इंजिनावर स्टँडबायचा आकडा मोठा लिहितात, आणि दुकानदार तोच सांगतो.

मास्तर_मेकॅनिकल
'अडीनडीची शक्ती' आणि 'रोजची शक्ती'.

जुळेसोलापूरकर
कारखानदारांना विचारून सांगतो. त्यांचं रोज चार तास चालतंय.